गल्ला मोजला, गाणं कोण मोजणार?

जानेवारी 2025मध्ये ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट आला आणि ज्याला त्याला संगीत नाटकाची काळजी वाटू लागली. कमाई किती, खेळ किती, आणि त्यावरून संगीत नाटकाला आता दिवस आहेत की नाहीत याचा निकाल! त्याआधी 2015 साली ‘कट्यार काळजात घुसली’चा चित्रपट चालला तेव्हा हीच मंडळी पुनरुज्जीवनाचे पेढे वाटत होती. चित्रपट बरे की वाईट, हा माझा विषय नाही. त्यांचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांना चाली बांधता येतात, कबूल. पण स्टुडिओत पुन्हा पुन्हा गाऊन जमवलेली तान आणि डिसेंबर 1967पासून वसंतराव देशपांडे ‘कट्यार’ नाटकात खाँसाहेब होऊन प्रत्येक प्रयोगात जी नव्याने घेत ती तान, या दोन्ही एकाच खात्यावर कशा जमा करता?

वसंतराव मूर्तिजापूरचे, म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या शेजारचे. त्यांच्या नावाचं सभागृह नागपुरात आहे. वाशिमच्या माणसाला संगीत नाटक बघायचं तर अकोला नाहीतर अमरावती गाठायची, नाहीतर सरळ नागपूर. निर्मात्याला विचारा, उत्तर तयार असतं: ‘खर्च निघत नाही हो तिकडं.’ वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते इथं. हजारेक वर्षांपूर्वी लग्नाला चाललेलं गाव आता प्रयोगाला चालत नाही!

या ‘खर्च निघत नाही’च्या मुळाशी आपलं एक लाडकं मोजमाप आहे: प्रयोगसंख्या. शंभरावा, पाचशेवा, हजारावा. हार, फेटे, जाहिरात. मग 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’चं काय करायचं? बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. त्या प्रयोगाची शंभरी कधी भरली नाही, पण शंभर वर्षं उलटली तरी नाट्यवेड्यांच्या बोलण्यात तो आहे. आणि खुद्द बालगंधर्व? खातेवहीच्या हिशेबानं तो माणूस नापासच. गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली, त्यांनी प्रयोग करकरून कर्ज फेडलं आणि पुन्हा खर्चात पडले. त्या खर्चात भरजरी शालू आणि अत्तरं होती, हे सगळेच चघळतात. पण त्याच खर्चात तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. आजच्या एखाद्या हिशेबनिसानं पहिली काट या दोन नावांवरच मारली असती.

तसंच झालं आहे. जुन्या नाटकांच्या भव्य पुनर्निर्मितीत नेपथ्य फिरतं, धूर निघतो, एलईडीच्या पडद्यावर चंद्र उगवतो. ऑर्गन मात्र दिसत नाही. नट ओठ हलवतो, आवाज ध्वनिमुद्रित ट्रॅकवरून येतो. यात जोखीम कमी झाली म्हणे! महानाट्यांबद्दल तर बोलायलाच नको. ‘जाणता राजा’त हत्ती-घोडे खरे आणि आवाज ध्वनिमुद्रित, म्हणजे चुकायची मुभा फक्त जनावरांना. नाट्यगीतांच्या मैफलीही सोडून देतो. नाटक काढून टाकलं की उरतं ते निवेदकाचं कौतुक.

या सगळ्यावर उतारा म्हणून मी एकाच नाटकाचं नाव घेईन: प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’. भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ते 2017 साली व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. दोन बायका, तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुतलेला, लखुबाईच्या मनातही. आनंद ओक यांचं संगीत. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी त्या क्षणी, त्या दमात, स्वतः गायच्या. दुखरा पाय पुढं करून बसलेली आवली बोलता बोलता चिडते, चिडता चिडता सुरात शिरते. बोलणं कुठं संपलं आणि अभंग कुठं सुरू झाला ते कळत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880मध्ये ‘शाकुंतल’ केलं तेव्हापासूनची संगीत नाटकाची अडचण हीच आहे: गद्यातून पद्यात जायचं कसं? पुष्कळांनी तिथं खाकरून ‘सा’ लावला. इथं सांधाच दिसत नाही, कारण आवाज तोच, श्वास तोच. ट्रॅकवर हे होऊ शकत नाही. ट्रॅकला श्वास लागत नाही.

दोन पात्रांचं, वारकऱ्यांच्या घरातलं, नाव मिळालेले नट नसलेलं नाटक घ्यायला कुठला हिशेबी निर्माता तयार झाला असता? तरी ते चाललं. म्हणजे जोखीम नेमकी कशात असते, हे नाट्यव्यवसायाला ठाऊकच नाही. चार नावाजलेल्या चेहऱ्यांची ‘नाईट’, म्हणजे प्रयोगाचं मानधन, परवडते. तबलजीचं पाकीट मात्र परवडत नाही.

आणि गावात खर्च निघत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं वडसा बघावं. तिथं धान घरात आलं, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावचं मंडळ कंपनीशी रक्कम ठरवून नाटक घेतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. दिवसा बैलांचा शंकरपट किंवा मंडईची जत्रा, रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. नुकसान झालंच तर गावाचं, कंपनीचे पैसे मोकळे. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तिथं भडकपणा आहे, रेकॉर्ड डान्सही शिरला आहे, नाक मुरडायला भरपूर जागा आहे. पण जोखीम साऱ्या गावानं वाटून घ्यायची रीत मुंबई-पुण्याला सुचली नाही, ती वडशानं वर्षानुवर्षं चालवली.

आमच्याकडं धान नाही, सोयाबीन आहे. तेही दिवाळीच्या आसपासच विकलं जातं. रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कुठल्याही मंडळानं एकत्र येऊन नाटक ‘घ्यायला’ काय हरकत आहे? पोहरादेवीला लाखोंची यात्रा भरते, तिथं जमणाऱ्या, होळीला लेंगी गाणाऱ्या बंजारा माणसांना गाणं बसून ऐकायची सवय नाही, असं कुणी सांगू नये. निर्मात्यांनी बिनट्रॅकचा, चार साथीदारांचा, एका टेम्पोत बसणारा प्रयोग काढावा आणि ठरलेली रक्कम सांगावी. आणि एक करावं: तिकिटावर वेळ आणि आसनक्रमांक छापता, त्याखाली नट स्वतः गाणार आहे की नाही, तेही छापा. नसेल गाणार तर जाहिरातीतला ‘संगीत’ हा शब्द आधी काढा, मग आमच्याकडं प्रेक्षक नाहीत म्हणून सांगा.