गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन : आवाज साफ झाला, माणसं पुसली गेली

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस स्टेशनला गाडगेबाबांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं, आणि त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला बाबा गेले. हे मुद्रण आजही इंटरनेटवर नवनव्या रूपात येत असतं. कुणी खरखर काढून टाकतं, कुणी दोन-दोन मिनिटांचे तुकडे करतं. वऱ्हाडी बोलीतलं कीर्तन हा माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे यातलं बरंच काही कान देऊन ऐकावं लागतं.

माझी तक्रार त्या 'साफ' केलेल्या प्रतींबद्दल आहे. ठरावीक पातळीखालचा आवाज गोंगाट समजून दाबायचा, अशी या सफाईची साधारण रीत. आता बघा, बाबा माइकपाशी आणि लोक लांब. म्हणजे पहिल्यांदा बळी कुणाचा जातो? लोकांचा! आणि हे कीर्तन तर लोकांशिवाय उभंच राहत नाही. बाबा प्रश्न टाकतात, समोरून उत्तर येतं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बसतो. उत्तर गाळलं की उरतो एकटा उपदेश करणारा म्हातारा. तसे बाबा नव्हतेच. तुकडे करणारे तर नेमकं 'सुविचार' वाटेल तेवढंच ठेवतात. मग प्रश्न पटवून घ्यायला लागणारा वेळ, तेच ते पुन्हा विचारणं, मधला हशा, सगळं गायब.

आणखी एक अडचण. 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) बघितलेल्या अनेकांच्या कानात डॉ. श्रीराम लागूंचा आवाज बसलाय. लागू थोरच, पण तो कमावलेला आवाज. मुद्रणातला आवाज ऐंशीच्या माणसाचा, थकलेला, तरी घाईत असलेला.

वाशिम-रिसोडकडच्या माणसाला मात्र तो परका वाटत नाही. 'मले', 'तुले', 'काऊन' घरात ऐकलेल्या कानाला बाबांचा हेल लगेच कळतो. हीच बोली सिनेमात अन् टीव्हीवर बहुतेकदा हसवायला वापरतात. इथं तीच बोली मुंबईच्या पोलिसांना जाब विचारते, अन् ते मुकाट उत्तरं देतात.

त्यामुळे ऐकायचंच असेल तर खरखरीची, अख्खी प्रत शोधा. हेडफोन लावा आणि बाबा थांबले की मागे काय येतं तिकडे लक्ष द्या.