‘कासव’: न पुसलेला प्रश्न

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या सुवर्णकमळविजेत्या चित्रपटाचा विशेष असा की, त्यात आजारी मनाची चौकशी होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयातून निघून गेलेल्या तरुणाला जानकी आश्रय देते. नाव-गाव, कारण काही पुसत नाही. तिने स्वतः नैराश्य भोगले आहे. अंग आखडून घेतलेल्या कासवाला डिवचून बाहेर काढता येत नाही, हे ती जाणते. आपल्याकडे दुःखापेक्षा ‘तुला काय कमी आहे?’ या प्रश्नाचीच धास्ती अधिक. रजेच्या अर्जात आपण ताप लिहितो, उदासी लिहीत नाही, ते त्यामुळेच.

तथापि एक उणीव जाणवते. जानकी त्या तरुणाला दैवयोगाने भेटते. परप्रांतात बदलीवर एकटे राहणाऱ्याला अशी जानकी कोठून भेटावी? त्याला आपण होऊन दार ठोठवावे लागते, आणि खरी लाज त्या उंबरठ्यावरच असते. तरुणाच्या वाट्याला तो उंबरठा येतच नाही. २०२२ पासून केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तो फिरवण्यापूर्वी, शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल म्हणून खिडकी लावून घेणारा कारकून मला मराठी पडद्यावर पाहावयाचा आहे.