सांगायचं कुणी? : ‘श्वास’ आणि ‘किल्ला’ पुन्हा पाहताना

‘श्वास’चं नाव काढलं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. आणि दोन, फार रडवतो. दोन्ही खरं आहे. पण संदीप सावंत यांचा २००४चा हा चित्रपट जितक्या वेळा पाहिला, तितकं मला वाटत गेलं की रडण्याच्या नादात त्यातला मुख्य प्रश्न आपण बाजूलाच ठेवला.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. कोकणातल्या लहानग्या परशुरामला दिसायला त्रास होतो म्हणून आजोबा त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन येतात. निदान होतं दृष्टिपटलाच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करायची, आणि ती झाली की दृष्टी जाणार. एवढ्यावरही रडका सिनेमा सहज झाला असता. पण इथे डॉक्टर साने एका गोष्टीवर अडून बसतात: ऑपरेशनच्या आधी हे परशुरामला सांगितलं गेलं पाहिजे.

माझ्या मते सगळा सिनेमा या एका आग्रहावर उभा आहे. आणि तो आग्रह आपल्या घरांना परका आहे. ‘तू लहान आहेस’, ‘तू अभ्यासाकडे लक्ष दे’, ‘पोरांसमोर नको’ ही वाक्यं कुणी ऐकली नाहीत? घरात आजार, कर्ज, मृत्यू काहीही असो, मूल दाराआडून अर्धवट ऐकतं आणि उरलेलं स्वतःच्या कल्पनेनं भरतं. बहुतेक वेळा ती कल्पना खऱ्याहून भयंकर असते. परशुरामचं तेच होतं. काहीतरी लपवलं जातंय हे त्याला कळतं, म्हणून तो चिडतो, हट्ट करतो. मोठ्यांना वाटतं, पोरगं त्रास देतंय.

डॉक्टरांचं म्हणणं कोरडं वाटतं, पण त्यामागे साधा विचार आहे. पट्टी बांधलेल्या अवस्थेत जाग आली आणि तेव्हाच अंधार कायमचा असल्याचं कळलं, तर ते मूल पुढे कुणावर विश्वास ठेवणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमावलीत, संशोधनात सहभागी करून घेताना सात वर्षांपासूनच्या मुलांचा स्वतःचा होकार विचारायला सांगितलं आहे. पालकांची सही लागतेच, पण तेवढ्यानं भागत नाही. ‘श्वास’ त्याच्या कितीतरी आधी हेच म्हणत होता.

हा आजार सहसा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत सापडतो. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाच्या बुबुळात पांढरी चमक दिसणं ही त्याची एक ओळखीची खूण. ती दिसली तर नेत्रतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये, कारण लवकर सापडला तर जीव वाचतो आणि अनेकदा डोळाही. परशुराम मात्र थोडा मोठा आहे, विचारता-बोलता येण्याच्या वयाचा. तो दोन वर्षांचा असता तर सांगायचा प्रश्नच उभा राहिला नसता.

आता माझी तक्रार. प्रश्न मुलाचा असूनही चित्रपट बराचसा आजोबांचा होतो. अरुण नलावडे यांचं काम इतकं ताकदीचं आहे की आपण त्यांच्याच नजरेनं बघत राहतो. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा ते नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून गुपचूप निघून जातात, का तर त्यानं जग डोळे भरून बघून घ्यावं. आपण हेलावतो. पण हे शेवटचं बघणं आहे, हे त्या मुलाला स्वतःला कसं वाटत असेल? अश्विन चितळेचा चेहरा खूप काही सांगतो, पटकथा मात्र त्याला बोलायला फार थोडी जागा देते. परतल्यावर डॉक्टर आजोबांवर भडकतात, आणि मला दोघंही बरोबर वाटतात. डॉक्टरला पेशंटची जबाबदारी कळते. आजोबांना कळतं की एवढी मोठी गोष्ट एका वाक्यात सांगून संपत नाही, तिच्यासोबत वेळ घालवावा लागतो.

या चित्रपटात आसावरी ही हॉस्पिटलमधली समाजसेविका आहे, म्हणजे अवघड गोष्ट माणसांपर्यंत पोहोचवणं हेच जिचं काम आहे. ती भूमिका अमृता सुभाष यांची. दहा वर्षांनी, अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त (२०१४) त्याच अमृता सुभाष आई झाल्या. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील वारलेत, आईची बदली कोकणात झाली आहे. इथे कर्करोग नाही, डॉक्टर नाही, त्यामुळे ‘मुलाशी बोला’ असं बजावणारंही कुणी नाही. आई नोकरीतल्या कटकटी आणि स्वतःचं दुःख सांभाळत दिवस ढकलते. चिन्मय गप्प होत जातो. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकट्याला सोडून जातात, तेव्हा त्याला वाटलेली भीती फक्त त्या दुपारची नसते.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. शरीराच्या दुखण्याला केसपेपर निघतो, मुलाच्या दुःखाला निघत नाही. चिन्मयचं गप्प होणं कुणाच्या लेखी आजार नसतं, फार तर ‘पोरगं जरा घुमं झालंय’. ‘श्वास’मधल्या मुलाला निदान त्याच्याशी बोलायला हवं म्हणून भांडणारी दोन माणसं मिळाली.

तुमच्यापैकी बरेचजण वयानं परशुराम आणि चिन्मयपासून फार लांब गेलेले नाहीत, आणि लवकरच कुणाचेतरी काका, मावशी, आईबाप होणार आहात. म्हणून ‘श्वास’ पुन्हा पाहाल तेव्हा एक करा. शेवटी परशुराम काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो. पहिल्यांदा बघताना आपण त्याच्या आजोबांसाठी रडलेलो असतो. या वेळी होडीतल्या मुलाकडे बघा. तो कानांनी, हातांनी ओळखीचं गाव शोधतोय. आपलं काय होणार हे त्याला आधी सांगितलं गेलं होतं, हे लक्षात ठेवून बघा.