‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

पुस्तकांवर, नाटकांवर, गेलाबाजार दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा आपल्याकडे समीक्षा लिहिली जाते. परंतु कोट्यवधी लोकांनी पुन्हा पुन्हा, आणि दुसरे काहीच करता येत नसल्यामुळे, वाचलेल्या एका मजकुराची समीक्षा निदान माझ्या वाचनात आलेली नाही. विंडोज १० ही मायक्रोसॉफ्टची संगणकप्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि मार्च २०२० मध्ये ती शंभर कोटी यंत्रांवर पोचल्याचे कंपनीने जाहीर केले. तिची नवी आवृत्ती संगणकात बसत असताना बाकी सगळी कामे बंद पडत, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकेक वाक्य उमटून विरून जाई. त्या पाच-सहा वाक्यांबद्दल मला लिहायचे आहे.

सुरुवात ‘हाय’ अशी सलगीची. मग ‘आम्ही तुमचा संगणक अद्ययावत केला आहे.’ पुढे ‘तुमच्या सर्व फायली तुम्ही ठेवल्या होत्या तिथेच आहेत.’ मग ‘तुम्हाला उत्साह वाटावा अशा काही नव्या सोयी आम्ही आणल्या आहेत.’ अधूनमधून ‘संगणक बंद करू नका’ ही तंबी, आणि नंतरच्या एका आवृत्तीत ‘सगळे आमच्यावर सोपवा’ हे आश्वासन. मूळ इंग्रजीत हा मजकूर कसा अगदी गुळगुळीत वाटतो. मराठीत आणायला बसलो की पहिल्याच शब्दाला अडखळायला होते, कारण इंग्रजी ‘वुई’चे मराठीत दोन तुकडे करावे लागतात. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’. ‘आपण चहा घेऊ या’ आणि ‘आम्ही आता चहा घेणार आहोत’ यांतला फरक पाहुण्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. पडद्यावरचा ‘वुई’ मात्र सूर ‘आपण’चा लावतो आणि काम ‘आम्ही’चे करतो. विंडोज अपडेटच्या वापरणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी नीट तपासल्या तर त्यांच्या मुळाशी हा सर्वनामाचा घोळ सापडतो, असे माझे मत झाले आहे. सॉफ्टवेअरमध्ये चुका राहणारच. माझाही पोटापाण्याचा धंदा तोच असल्यामुळे त्याबद्दल मी फार त्रागा करणार नाही. राग येतो तो परवानगी विचारल्यासारखे करून न विचारण्याचा.

हे नेहमीच असे नव्हते. २४ ऑगस्ट १९९५ च्या मध्यरात्री विंडोज ९५ विकत घेण्यासाठी अमेरिकेत दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. सीडी ड्राइव्ह नसलेल्यांसाठी तिचा अपग्रेड संच तेरा फ्लॉप्यांवर मिळे. एक घालायची, घरघर ऐकायची, काढायची, पुढची घालायची. बाराव्या फ्लॉपीवर ‘वाचता येत नाही’ असा निरोप आला तर घरात जी शांतता पसरे ती ज्यांनी अनुभवली त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ते पटणार नाही. अडचणी पुष्कळ होत्या. पण पैसे आपण मोजलेले, शनिवार आपण ठरवलेला, आणि नकोच वाटले तर खोका कपाटात ठेवून द्यायला कुणाची हरकत नसे.

मग इंटरनेट आले आणि कंपनीची बाजूही बळकट झाली. ती बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा संगणक-किडा जगभर पसरला. त्याला अटकाव करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच देऊन ठेवली होती, लोकांनी ती बसवली नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याचा शिरस्ता सुरू झाला. चौदा वर्षांनी तीच कथा अधिक भयानक रूपात घडली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतल्या एक तृतीयांशाहून अधिक ट्रस्टांचे काम विस्कळीत केले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्याहीवरची दुरुस्ती १४ मार्चपासून उपलब्ध होती. तेव्हा ‘माझा संगणक, मी वाटेल तेव्हा अपडेट करीन’ हे म्हणणे लस टोचून न घेणाऱ्याच्या म्हणण्याइतकेच अपुरे आहे. रोग आपल्यापाशी थांबत नाही, शेजाऱ्याकडेही जातो.

इथपर्यंत मी कंपनीच्या बाजूने आहे. पण विंडोज १० ने सुरक्षेची दुरुस्ती आणि घराची नवी मांडणी या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधल्या. वर्षातून साधारण दोनदा सगळी प्रणालीच नवी यायची, ती घेतली नाही तर काही काळाने दुरुस्त्याही बंद व्हायच्या, आणि घरगुती आवृत्ती वापरणाऱ्याला नकार देण्याची सरळ सोय पहिली काही वर्षे नव्हतीच. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने जाता जाता स्वयंपाकघरातले डबे आपल्या सोयीने लावून जावे आणि वर ‘हाय’ म्हणावे, असा हा प्रकार. नळ गळत होता हे खरे, म्हणून डब्यांबद्दल बोलायचे नाही का?

नकाराची ही गळचेपी किती थराला गेली ते २०१५-१६ च्या मोहिमेत दिसले. विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना नवी प्रणाली एक वर्ष मोफत होती. तिचे आमंत्रण देणारा छोटा प्रोग्राम खुद्द अपडेट म्हणूनच संगणकात आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बसून राहिला. डिसेंबर २०१५ च्या सुमारास काहींना दोनच बटणे दिसत होती, ‘आत्ता अपग्रेड करा’ आणि ‘आज रात्री अपग्रेड करा’. आग्रहाच्या पंगतीतसुद्धा यजमान इतका पुढे जात नाही. एप्रिल २०१६ मध्ये आयोवातल्या दे मॉईन शहरी एका दूरचित्रवाणी केंद्रावर हवामानाचा वृत्तान्त थेट चालू असताना नकाशावर हे आमंत्रण येऊन उभे राहिले. निवेदिकेने हसून वेळ निभावली. पण कळस झाला तो मे महिन्यात. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली की ती बंद होते आणि काही घडत नाही, हे लोकांना वीस वर्षे शिकवले होते मायक्रोसॉफ्टनेच. आता ती फुली दाबणे म्हणजे ठरलेल्या वेळेला संमती देणे, असा अर्थ झाला. ‘नको’ असे स्वच्छ लिहिलेले बटण देण्याचे कंपनीने जूनच्या अखेरीस जाहीर केले, म्हणजे मोफत देण्याची मुदत संपायला महिना उरला असताना. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या व्यावसायिक महिलेने नको असलेल्या अपग्रेडमुळे धंदा बुडाल्याचा दावा लावून दहा हजार डॉलर मिळवले. कंपनीने चूक मान्य केली नाही, फक्त अपील मागे घेतले. फुलीच्या बाबतीत आम्ही अती केले, ही कबुली विपणनप्रमुखांनी डिसेंबर २०१६ मध्ये दिली, पण तोवर मोहीम संपून पाच महिने झाले होते.

आता ‘अपडेट’ या शब्दाकडे वळतो, कारण तोही निष्पाप नाही. अपडेट म्हटले की वहीत एक नोंद वाढवल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या मोठ्या आवृत्त्या म्हणजे बिऱ्हाड हलवणे असे. जुनी प्रणाली चालू असतानाच नवीची सामग्री उतरवायची. मग संगणक एका छोट्या, आपत्काली वापरायच्या प्रणालीत सुरू करून जुने घर बाजूला सारायचे आणि नवे उभारायचे. त्यानंतर दोनदा संगणक सुरू करून यंत्रसामग्रीची ओळख पटवायची, तुमचे सामान आणि सवयी नव्या घरात आणायच्या. जुने घर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात आधी तीस दिवस आणि २०१६ च्या उन्हाळ्यापासून फक्त दहा दिवस ठेवले जाई. तेवढ्यात मन बदलले तर परत फिरता येई, नंतर नाही. आपण सगळे बिऱ्हाड हलवून इथवर आलेले लोक. यात किती गोष्टी चुकू शकतात हे आपल्याला सांगायला नको.

पण पडद्यावर हे काही सांगत नाहीत. तिथे एक गोल फिरत असतो आणि टक्केवारी असते. ही टक्केवारी वेळेची नसते, कामाच्या टप्प्यांची असते, त्यामुळे तीस टक्क्यांवर तासभर थांबून ती पुढच्या पाच मिनिटांत साठीला पोचू शकते. हे माहीत नसलेल्या माणसाला तो थांबलेला आकडा म्हणजे हृदय थांबल्यासारखा वाटतो. मग ‘बंद करू नका’ ही आज्ञा पाळावी की मोडावी, याचा निर्णय पुण्याहून किंवा डोंबिवलीहून फोन करून इकडच्या मुलाकडे मागितला जातो.

“अरे, पंचाहत्तरवर दोन तास अडकलंय. करू का बंद?”

“नको बाबा, राहू दे तसंच. पंखा फिरतोय का? बारीक दिवा लुकलुकतोय का बघा.”

“दिवा लुकलुकतोय. पण तुझी आई म्हणते, लाइट जायची वेळ झाली.”

असा फोन आपल्यापैकी कितीजणांनी मध्यरात्री घेतला असेल! त्या बाबांना ना टप्पे सांगितले गेले होते, ना मध्येच वीज गेली तर काय होते ते. ‘सगळे आमच्यावर सोपवा’ एवढेच सांगितले होते. विंडोज १० येण्याच्या सुमारास तर अनेकांच्या पडद्यावर चुकीचा खुलासा म्हणून एक चौकट आली होती. तिचे शीर्षक होते ‘काहीतरी झाले’ आणि आतला खुलासाही ‘काहीतरी झाले’ एवढाच. समीक्षक म्हणून मला हे वाक्य त्या सबंध मजकुरातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

सर्वांत अप्रामाणिक ठरलेले वाक्य म्हणजे ‘तुमच्या सर्व फायली तुम्ही ठेवल्या होत्या तिथेच आहेत.’ २ ऑक्टोबर २०१८ रोजी नवी आवृत्ती आली. ज्यांनी स्वतः होऊन ‘अपडेट आहे का’ असे तपासले, त्यांनाच ती आधी मिळत होती. म्हणजे घाबरणारे मागे होते, विश्वास ठेवणारे पुढे. त्यांतल्या काहींनी संगणक सुरू करून पाहिले तर डॉक्युमेंट्स, फोटो नाहीसे झालेले. चार दिवसांत वाटप थांबवावे लागले. कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स यांसारखे ठरावीक फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात. तसे हलवल्यावर जुन्या जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर उरतात, अशी तक्रार आधीच्या आवृत्तीबद्दल आली होती. म्हणून नव्या आवृत्तीत ते जुने फोल्डर पुसून टाकणारा कोड घातला. पण ते खरोखर रिकामे आहेत का, हे बघितले नाही. ज्यांनी फोल्डरची जागा बदलली पण जुन्या जागेतल्या फायली तिथेच राहू दिल्या, त्यांच्या फायली गेल्या. खोली मोकळी करण्यापूर्वी आत डोकावून पाहणे, एवढेच करायचे राहिले होते.

कंपनीने सांगितले की अशा तक्रारी एकूण बसवण्यांच्या शंभरांश टक्का होत्या, म्हणजे दहा हजारांत एक. कपबशांच्या कारखान्यात हा आकडा अभिमानाचा ठरेल. इथे तो मोजमापच चुकीचे असल्याचे दाखवतो, कारण ज्याची दहा वर्षांची छायाचित्रे गेली त्याची ती शंभर टक्के गेली. आणि हा आकडा तक्रार करणाऱ्यांचा होता. ज्यांना फायली गेल्याचे सहा महिन्यांनी कळले असेल ते त्यात नाहीत. संगणक शक्य तितका कमी वापरा आणि आमच्याशी संपर्क साधा, असा सल्लाही दिला गेला. तो योग्यच होता, पुसलेल्या फायलीची जागा दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शाबूत राहू शकते. मात्र नव्या पद्धतीच्या एसएसडी चकत्यांवर ती आशाही बहुधा फोल ठरते.

धंद्यातला माणूस म्हणून मला याहून टोचलेली गोष्ट वेगळी आहे. ही चूक आधी कळलेली होती. सप्टेंबर २०१४ पासून कंपनीने स्वयंसेवकांकडून नव्या आवृत्त्या वापरून घेण्याची योजना सुरू केली होती. त्याच काळात पगारी परीक्षकांच्या बऱ्याच जागा गेल्या. त्या स्वयंसेवकांपैकी काहींनी फायली पुसल्या जात असल्याचे काही महिने आधी कळवले होते. पण तक्रारींचे महत्त्व त्यांना किती जणांनी दुजोरा दिला यावर ठरत होते, आणि या तक्रारींना फारसा दुजोरा मिळाला नाही. बटणाचा रंग आवडला नाही असे हजारजण म्हणतील, फायली गेल्या असे चौघेच म्हणतील. चांगला परीक्षक त्या चौघांपाशी थांबतो, आणि त्याचा पगार त्यासाठीच असतो. या प्रकारानंतर तक्रार किती गंभीर आहे ते लिहिण्याची सोय करण्यात आली. १३ नोव्हेंबरला सुधारलेली आवृत्ती आली, आणि मे २०१९ च्या आवृत्तीपासून घरगुती वापरणाऱ्यालाही अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येऊ लागले, मोठी आवृत्ती केव्हा घ्यायची ते ठरवता येऊ लागले. श्रेय द्यायचे तिथे द्यावे. ही सुधारणा खरी होती.

पण नळ आणि डबे वेगळे करता येत नाहीत, ही समजूत मात्र तशीच राहू दिली गेली. वास्तविक मोठ्या संस्थांसाठी २०१५ पासूनच विंडोज १० ची अशी एक शाखा होती, जिच्यात वर्षानुवर्षे फक्त दुरुस्त्या येत, नव्या सोयी येत नसत. ती घरगुती गिऱ्हाइकाला मिळत नसे. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागत असल्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी संगणक तिच्यासाठी अपात्र ठरले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. त्यानंतर आणखी एक वर्ष दुरुस्त्या हव्या असलेल्या घरगुती वापरणाऱ्यांपुढे अमेरिकेत तीन मार्ग ठेवले गेले. तीस डॉलर भरा, किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतले एक हजार गुण द्या, किंवा कंपनीच्या खात्यातून आपल्या संगणकाच्या मांडणीची प्रत तिच्या क्लाउडवर ठेवा. या योजनेत काय मिळेल, तेही कंपनीने स्पष्ट लिहिले होते: फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, नव्या सोयी नाहीत.