घुबडाच्या मुद्रेवरून काळनिर्णय : एक परीक्षण

मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग येथील आयव्हर जॉन्सन कारखान्याच्या स्वस्त रिव्हॉल्व्हरांविषयीं संग्राहकांत एक ठोकताळा रूढ आहे. मुठीवरील घुबड नळीकडे पाहत असेल तर शस्त्र काळ्या दारूसाठीं घडविलेलें. मागें पाहत असेल तर तें १९०९ पासूनच्या बनावटीचें, म्हणजे धूरविरहित दारूस योग्य. या ठोकताळ्याची परीक्षा अवश्य आहे. येथें चुकलेला काळनिर्णय कागदावरच राहत नाहीं; तो हातांत फुटूं शकतो.

मुठीच्या फळ्या स्क्रूनें बसविलेल्या असतात. मोडल्यास दुसऱ्या बसवितां येतात. पुठ्ठ्यावरून पोथीचा काळ ठरवूं नये, हा नियम येथेंही लागू पडतो. खरा पुरावा आंत असतो. पहिल्या दोन बनावटींत चपट्या कमानी आहेत, तिसरींत तारेच्या वेटोळ्याच्या. मुद्रा व कमान यांत विरोध आल्यास कमान ग्राह्य धरावी.

‘सेफ्टी ऑटोमॅटिक’ हें नांवही तपासून घ्यावें. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नळी खालीं वळवितांच रिकामीं काडतुसें आपोआप बाहेर पडणें. गोळ्या आपोआप सुटणें नव्हे. ‘सेफ्टी’ हें विशेषण मात्र यथार्थ आहे : चाप ओढल्यानें मधला दांडा वर येतो, तेव्हांच घोड्याचा आघात सुईपर्यंत पोंचतो. परंतु ही योजना शस्त्र खालीं पडून उडूं नये एवढ्यापुरतीच आहे. जीर्ण पोलादाचें रक्षण ती करीत नाहीं. सांधा खिळखिळा असेल किंवा घोडा चढविल्यावरही काडतुसांचें चक्र डुलत असेल, तर कमान कोणतीही असो, बार काढूं नये.

मूल्याचा प्रश्न निराळा. १९०१ सालीं बफेलो येथें अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर याच कारखान्याच्या ३२ बोराच्या रिव्हॉल्व्हरांतून गोळ्या झाडल्या गेल्या. तें शस्त्र तेथील इतिहास-संग्रहालयांत आहे. तशीं हजारों शस्त्रें बाजारांत अल्प किमतीस विकलीं गेलीं. यालाच मोल आलें, तें पोलादामुळें नव्हे, त्यामागील निश्चित इतिहासामुळें. असा आधार नसलेल्या शस्त्रास एखादी प्रसिद्ध कथा चिकटविणें म्हणजे बनावट सनदेवर शिक्का उठविणें होय.

तेव्हां प्रथम शस्त्र रिकामें असल्याची खात्री करावी. मग कमान, सांधा व अनुक्रमांक यांची नोंद करावी. निकेलचा मुलामा नव्यानें देऊं नये, कारण त्यानें मूळ पुरावाच झांकला जातो. घुबडाची साक्ष सर्वांत शेवटीं घ्यावी.