अपुरा राहिलेला ‘विचर’

गाजलेले पुस्तक अर्ध्यावर टाकले तर माणूस ते चारचौघांत सांगत नाही. गाजलेला व्हिडिओ गेम टाकला तर मुळीच सांगत नाही. कारण पुस्तकात चार संध्याकाळी जातात, खेळात अख्खा उन्हाळा. म्हणून आरंभीच कबुली देतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने २०१५ साली काढलेला आणि साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेला ‘द विचर ३’ मी सुमारे साठ तासांनंतर सोडून दिला.

आंद्झेय सापकोवस्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवर आधारलेल्या या खेळात गेराल्ट नावाचा, पिशाच्चे मारून पोट भरणारा पुरुष आपल्या मानसकन्येच्या, सिरीच्या, शोधात हिंडतो. वाटेत त्याला एक दारुडा सरदार भेटतो. सारे त्याला बॅरन म्हणतात. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेलेल्या असतात, आणि नाव न ठेवता पुरलेले त्याचे मृत अर्भक पिशाच्च होऊन उठलेले असते. ते हातांवर घेऊन बॅरन रात्री घराकडे चालतो, त्याला नाव देतो आणि उंबऱ्याखाली पुरतो. नामकरण आणि उंबरा यांचा अर्थ ज्याला घरातूनच ठाऊक आहे, त्या मराठी माणसाचे मन येथे हलल्यावाचून राहणार नाही. हा प्रसंग पाहून या खेळाला जे थोर म्हणतात त्यांच्याशी माझा वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पसाऱ्याशी. नकाशावर जागोजाग प्रश्नचिन्हे. प्रत्येकापाशी एखादी पेटी, नाहीतर दरोडेखोरांचा तळ. तरवार बोथट झाली, तिची दुरुस्ती करा. ओझे वाढले, सामान विका. अमक्या गावच्या सूचनाफलकावर तमकी कामगिरी लागली आहे, ती उचला. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात होडी हाकत गेलो, तो प्रश्नचिन्हांखाली निघाला चोरट्या व्यापाऱ्यांचा दडवलेला माल! सीमाशुल्क खात्यातील माझ्या एका स्नेह्याने हे पाहून हात जोडले. हेच करण्याचा त्याला पगार मिळतो, असे तो म्हणाला.

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत जी सात रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांत ‘अप्रधानता’ हे एक आहे. जे गौण तेच पुढे सरसावले आणि प्रधान मागे पडले, की चित्त कोठेच ठरत नाही. हरवलेल्या लेकीच्या शोधात निघालेला बाप वाटेत पत्ते खेळत बसतो, घोड्यांच्या शर्यती जिंकतो. त्याला घाई नसेल, तर मला का असावी? आणि आपल्यासारख्या, दिवसभर प्रलंबित प्रकरणांचा निपटारा करणाऱ्या माणसाला तर हे विघ्न दुहेरी बाधते. कचेरीतून घरी येऊन दिवा लावावा, तो समोर पुन्हा प्रलंबित कामांची यादीच!

येथे एक भेद केला पाहिजे. २०२२ चा ‘एल्डन रिंग’ही मी टाकला; परंतु तो दोष माझ्या बोटांचा. पहिल्याच मैदानातील घोडेस्वाराने मला इतक्या वेळा लोळवले की मोजदाद सुटली. रसास्वादाला अधिकार लागतो, आणि कचेरीतला अधिकार तेथे चालत नाही. तो खेळ वाईट आहे असे म्हणण्याचा हक्क मला नाही. ‘विचर’बद्दल मात्र तो हक्क मी साठ तास मोजून मिळवला आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या २०१८ च्या खेळाचे दुखणे आणखी वेगळे. एरवी वाटेल तिकडे घोडा फेकावा. पण कथा सुरू झाली की ठरल्या वाटेवरून जरा ढळताच कामगिरी फसल्याचा शेरा. तोही अर्ध्यावर राहिला.

पूर्ण झाला तो टोरोंटोच्या विसाई गेम्सचा ‘वेण्बा’ (२०२३). कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही कथा एका संध्याकाळीच आटोपते. इडलीच्या ताटल्या कशा रचाव्यात म्हणजे वाफ सर्वत्र पोचेल, असले त्यातले पेच. परंतु आईच्या फाटक्या वहीवरून ते सोडवताना परमुलखातल्या बाईचे एकटेपण कळत जाते. तेथे इडली हीच प्रधान गोष्ट आहे.

२०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने चेन्नईत पाणी भरले. वेलचेरीतील आमच्या घरी तीन दिवस वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात मुलाने विचारले, “बाबा, सिरी सापडली की नाही, हे तुम्हांला जाणून घ्यावेसे वाटत नाही?” खरे उत्तर ‘नाही’ असेच होते, आणि ते देताना मलाच वाईट वाटले. पण बॅरनने त्या अर्भकाचे नाव डीआ ठेवले होते, हे न आठवता आठवले.

वीज आल्यावर त्या रात्री जुन्या नोंदीवरून तेवढाच प्रसंग पुन्हा खेळलो. मुलगा शेजारी बसला होता. उंबऱ्यापाशी येईपर्यंत दोघेही बोललो नाही. मग खेळ यंत्रातून काढून टाकला.