'रोलिंग जंक' : एका प्रवासलेखाचा पुनर्विचार

एफ. स्कॉट फिट्सजेराल्ड ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या वाङ्मयाचा विचार होतो तेव्हा 'दि क्रूझ ऑफ द रोलिंग जंक' ह्या दीर्घ प्रवासलेखाच्या वाट्याला बहुधा एखादी तळटीप येते. 'मोटर' ह्या मासिकाच्या १९२४ मधील फेब्रुवारी, मार्च व एप्रिल ह्या तीन अंकांतून तो क्रमशः प्रसिद्ध झाला. लेखकाच्या हयातीत त्याचे पुस्तक झाले नाही. ते १९७६ मध्ये झाले. उपजीविकेसाठी हातावेगळे केलेले एक विनोदी लेखन, असे त्याचे सामान्यतः मूल्यमापन केले जाते. हे मूल्यमापन अगदी चूक आहे असे नाही; परंतु ते अपुरे आहे. ज्या लेखनाला लेखक स्वतः फारसे गंभीरपणे घेत नाही, त्यातच त्याच्या दृष्टीची शक्ती आणि तिच्या मर्यादा पुष्कळदा अधिक उघड्या पडतात. प्रस्तुत लेख ह्याचे उत्तम उदाहरण होय.

लेखामागील घटना थोडक्यात अशी. 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' ही फिट्सजेराल्डची पहिली कादंबरी १९२० च्या मार्चअखेर प्रसिद्ध झाली आणि ३ एप्रिल रोजी त्याचा झेल्डा सेअर हिच्याशी न्यूयॉर्क येथे विवाह झाला. त्या उन्हाळ्यात हे दांपत्य कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट ह्या गावी भाड्याच्या घरात राहत होते. जुलै महिन्यात एका सकाळी झेल्डाला आपल्या गावच्या पीच फळांची आणि 'बिस्किटां'ची आठवण झाली. दक्षिणेकडील राज्यांत बिस्किट म्हणजे न्याहारीला खाल्ला जाणारा लहानसा, गरम व मऊ पाव. एवढ्या निमित्तावरून दोघांनी जुनी विकत घेतलेली मार्मन मोटार बाहेर काढली आणि अलाबामातील माँटगमरी ह्या तिच्या गावाकडे, सुमारे बाराशे मैलांच्या वाटेवर, प्रयाण केले. प्रिन्स्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, रिचमंड, पुढे कॅरोलिना व जॉर्जिया असा त्यांचा मार्ग होता. वाटेत टायर फुटले, यंत्र रुसले, पैसे संपत आले. दोघांच्या एकसारख्या पांढऱ्या पोशाखात झेल्डानेही गुडघ्यापर्यंतची विजार घातली होती. त्यामुळे व्हर्जिनियातील एका हॉटेलात त्यांना खोली देताना व्यवस्थापकाला संकोच वाटला. अखेर माँटगमरी आले, तेव्हा घराला कुलूप होते. आईवडील गावी नव्हते.

लेखाचे शीर्षक लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. 'क्रूझ' हा शब्द इंग्रजीत मुख्यतः जलपर्यटनाचा, धनिकांच्या नौकाविहाराचा. 'जंक' म्हणजे भंगार. पण त्याच शब्दाने चिनी बनावटीच्या शिडाच्या जहाजाचाही बोध होतो. म्हणजे शीर्षकातच एक श्लेष संभवतो आणि खिळखिळ्या मोटारीला जहाजाची प्रतिष्ठा देऊन तिची फजिती करण्याचे विडंबनतंत्र सूचित होते. सबंध लेख ह्याच तंत्राने चालतो. जुन्या शौर्यकथांतील भाषा, क्षुद्र संकटे आणि स्वतःचीच टर उडविणारा नायक ह्यांतून हास्यरसाची निष्पत्ती होते. नायकाला मोटारीच्या यंत्राचे ज्ञान नाही, तरी ते असल्याचा आव तो आणतो; वाटेवरचा प्रत्येक कारागीर त्याचे अज्ञान क्षणात ओळखतो. मार्मन ही त्या काळी नामवंत गाडी होती. १९११ मधील इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत ह्याच कंपनीच्या गाडीने जिंकली होती. अशा घराण्यातील गाडीची उतारवयातील दैना हा लेखातील विनोदाचा एक हुकमी झरा आहे.

ह्या विनोदाला काळाचाही आधार आहे. १९२० साली अमेरिकेत ऐंशी लाखांहून अधिक मोटारगाड्या नोंदलेल्या होत्या, परंतु त्या चालविण्यायोग्य रस्ते मात्र अपुरे होते. रस्तेबांधणीस मध्यवर्ती सरकारचे साहाय्य देणारा पहिला कायदा १९१६ चा. त्याला भक्कम रूप १९२१ च्या कायद्याने आले. देशव्यापी क्रमांकांचे महामार्ग १९२६ मध्ये ठरले. तोपर्यंत कोठे वळावे हे सांगणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिका हाच प्रवाशाचा आधार. त्याच १९२० च्या जनगणनेत नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येहून अधिक भरली. खेड्यांचा देश शहरांचा होत असतानाच्या नेमक्या संधिकाळात हे जोडपे खेड्यापाड्यांतून जात आहे. त्यामुळे लेखाकडून काही अपेक्षा निर्माण होतात; त्या कितपत पुऱ्या होतात हे पुढे पाहावयाचे आहे.

प्रथम ह्या प्रवासाच्या तथाकथित उत्स्फूर्ततेचा विचार केला पाहिजे. मनात आले आणि निघाले, ही ह्या लेखाची मोहिनी होय. चरित्रकारांनीही ती फारशी चिकित्सा न करता स्वीकारलेली दिसते. परंतु लेख प्रसिद्ध झाला तो प्रवासानंतर जवळजवळ चार वर्षांनी. शिवाय पीच फळ फिट्सजेराल्डच्या लेखनात ह्या प्रवासापूर्वीच येऊन गेले होते. मे १९२० मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये आलेल्या 'दि आइस पॅलेस' ह्या कथेची दाक्षिणात्य नायिका उत्तरेकडील थंडीला व तेथल्या माणसांच्या कोरडेपणाला भिऊन परत येते. कथेच्या अखेरीस ती आपल्या खिडकीत बसून हिरवे पीच खात असते. म्हणजे दक्षिण, ऊब, आळस आणि पीच ही प्रतिमांची साखळी लेखकाच्या मनात प्रवासाच्या दोन महिने आधीच तयार होती. झेल्डाला त्या सकाळी पीचची आठवण झाली नसेल, असे ह्यावरून सिद्ध होत नाही. परंतु अनेक आठवणींतून लेखकाने नेमकी तीच का उचलली, ह्याचे उत्तर मात्र मिळते. उत्स्फूर्तता ही घटनेत असेल. लेखात ती रचलेली आहे. म्हणून ह्या लेखाचा चरित्रसाधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने सावध असणे अगत्याचे आहे. झेल्डाने त्याच उन्हाळ्यात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, मोटारप्रवासातला आनंद बव्हंशी काल्पनिकच असतो, अशा आशयाचा उद्गार काढला आहे. लेखातील आनंदाच्या शेजारी हा उद्गार ठेवून पाहावा.

दुसरा मुद्दा झेल्डाच्या इच्छेचा. पतीच्या घरी आलेली वीस वर्षांची मुलगी बापाच्या घरची न्याहारी आठवते, ह्या भावाला मराठीत 'माहेरची ओढ' असा सिद्ध शब्द आहे. इंग्रजीत त्याला नेमका पर्याय नाही आणि कदाचित म्हणूनच फिट्सजेराल्डला तो भाव फळाच्या व पावाच्या आडून सांगावा लागला. प्रवासाचे प्रयोजन तिच्या मनात जन्मते. परंतु लेखात बोलतो तो सर्वत्र तोच. ती हसते, रुसते, झोपी जाते, नकाशा चुकीचा वाचते. तिचा आतला आवाज मात्र ऐकू येत नाही. बंद दारापाशी आल्यावर तिला काय वाटले असेल, हा लेखातील सर्वांत मोलाचा प्रश्न. तेथे लेखक क्षणभर थबकतो आणि पुन्हा विनोदाकडे वळतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर बारा वर्षांनी झेल्डानेच दिले, असे म्हणता येईल. तिची 'सेव्ह मी द वॉल्ट्झ' ही एकमेव प्रसिद्ध कादंबरी १९३२ ची. तिच्या नायिकेचे नावच अलाबामा. न्यायाधीश पित्याच्या घरातून ती कादंबरी सुरू होते आणि पित्याच्या मृत्यूनंतर, त्या घराचा निरोप घेताना संपते. लेखिकेचे वडील न्यायमूर्ती अँथनी सेअर १९३१ च्या नोव्हेंबरात निवर्तले होते. पतीच्या लेखात जे घर विनोदी कथेचे कलाटणीस्थान आहे, ते पत्नीच्या कादंबरीत व्यक्तिमत्त्वाचा पाया आहे. तिची भाषा अनेकदा अलंकारांनी गुदमरते, रचनाही विस्कळीत आहे. तथापि बंद घराचे दुःख तिला कळले आहे आणि ते हास्याने झाकण्याची गरज तिला भासत नाही. दोन्ही कृती एकत्र वाचल्यावाचून ह्या प्रवासाचे वाङ्मयीन चित्र पुरे होत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे. ह्या लेखात ग्रामीण अमेरिका आहे काय? रस्ते आहेत, चिखल आहे, यादवी युद्धाच्या रणभूमीवरून जाताना मनात दाटून आलेले स्मरणरंजन आहे. गराजवाले आणि हॉटेलवाले आहेत. परंतु ज्या शेतांमधून रस्ता जातो, ती कसणारी माणसे पार्श्वभूमीवरील रंगाच्या फटकाऱ्यांसारखी येतात. त्यांतही कृष्णवर्णीय माणसे येतात ती कुचेष्टेचा विषय म्हणून, त्या काळच्या गोऱ्या नियतकालिकांतील ठराविक साच्यातून. १९२० च्या उन्हाळ्यात दक्षिणेत काय घडत होते? कपाशीचा भाव वसंत ऋतूत शिखरावर होता आणि वर्ष संपण्यापूर्वी तो निम्म्याहूनही खाली कोसळला. बोंडातील भुंग्याने पिके पोखरली होती. दारिद्र्य व अत्याचार ह्यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील शहरांत चालले होते. म्हणजे एक मोटार मौजेसाठी दक्षिणेकडे धावत असता, त्याच प्रदेशातून माणसे जगण्यासाठी उत्तरेकडे निघाली होती. लेखात ह्या दुसऱ्या प्रवासाची चाहूलही नाही.

लेखक त्या काळाचा होता, त्या काळचे पूर्वग्रह त्याच्यात असणारच, असा बचाव येथे नेहमी केला जातो. तो सर्वस्वी नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो पुरेसाही नाही. कारण ज्या घराच्या दारापाशी हा प्रवास संपतो, त्या घराचा ह्या व्यवस्थेशी केवळ काळाचा नव्हे, तर कर्तृत्वाचा संबंध आहे. अँथनी सेअर हे विधिमंडळाचे सभासद असताना अलाबामात १८९३ चा निवडणूक कायदा संमत झाला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. निरक्षर मतदाराला, विशेषतः कृष्णवर्णीयांना, मतपेटीपासून दूर ठेवणे हा त्याचा परिणाम होता आणि हेतूही. पुढे १९०९ पासून सेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. ह्या घरच्या पीचची गोडी कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या मौनाने टिकून होती, हा प्रश्न लेखाला पडत नाही. विजारीच्या प्रसंगाचेही तसेच आहे. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये, म्हणजे ह्या प्रवासानंतर काही आठवड्यांतच अमलात आली. अलाबामाने तिला १९१९ मध्ये नकार दिला होता. हॉटेलव्यवस्थापकाच्या संकोचामागे एक सबंध समाज उभा होता. लेखकाला त्यातला केवळ गंमतीचा भाग दिसला.

येथे असा आक्षेप येऊ शकेल की, हलक्याफुलक्या प्रवासलेखाकडून समाजशास्त्राची मागणी करणे हा रसिकतेचा अभाव होय. आक्षेप रास्त आहे, परंतु तो प्रस्तुत विवेचनाला लागू पडत नाही. समाजाची माहिती द्यावी, अशी मागणी येथे नाही. विनोद हा दृष्टीचा व्यापार आहे. विसंगती पाहणे हेच त्याचे काम. ज्या लेखकाला स्वतःच्या फजितीतील विसंगती इतकी अचूक दिसते, त्याला समोरची सर्वांत मोठी विसंगती दिसू नये, ही त्रुटी नैतिक तर आहेच. पण प्रथम ती विनोदाचीच त्रुटी आहे. स्वतःवर हसण्याचे धैर्य असलेला लेखक दुर्बळांवर हसतो तेव्हा त्याच्या हास्याची धार बोथट होते. लेखातील नेमके हेच परिच्छेद वाङ्मयीन दृष्ट्याही सर्वांत निर्जीव आहेत, हा योगायोग नव्हे.

तरीही हा लेख टाकाऊ ठरत नाही, तो त्याच्या शेवटामुळे. इच्छा, तिच्यासाठी केलेला अतोनात खटाटोप आणि प्राप्तीच्या क्षणी जाणवलेली पोकळी हा आकृतिबंध येथे प्रहसनाच्या पातळीवर सिद्ध झाला आहे. एका वर्षाने, एप्रिल १९२५ मध्ये, 'द ग्रेट गॅट्सबी' प्रसिद्ध झाली. तेथे हाच आकृतिबंध शोकात्म उंचीवर गेला. तेथेही मोटार आहे. आधी एका चाक निखळलेल्या गाडीचा विनोदी प्रसंग येतो आणि पुढे दुसरी एक मोटार एका गरीब स्त्रीचा जीव घेते. 'रोलिंग जंक'मधील मोटार रस्त्याकडेच्या माणसांना न पाहता पुढे जाते. 'गॅट्सबी'त अशा न पाहण्याची किंमत मोजावी लागते आणि ती श्रीमंत नव्हे, गरीब मोजतात, हे लेखकाला उमगलेले आहे. मात्र ही उमज वर्गापुरती राहिली. वर्णाच्या प्रश्नापर्यंत ती तेथेही पोहोचली नाही.

प्रवास संपल्यावर मोटार माँटगमरीतच विकली गेली आणि पतिपत्नी आगगाडीने परतली. फिट्सजेराल्ड १९४० मध्ये निवर्तला; झेल्डा १९४८ मध्ये, उत्तर कॅरोलिनातील अ‍ॅशव्हिल येथील मनोरुग्णालयाला लागलेल्या आगीत मरण पावली. ह्या नंतरच्या शोकान्ताची छाया मागे टाकून १९२० च्या उन्हाळ्याला करुण रंग देण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. लेखातील कारुण्य पुढे काय घडले ह्यावर अवलंबून नाही. ते त्याच्या रचनेतच आहे. तरुण दांपत्य उत्साहाने बाराशे मैल तुडवून येते आणि ज्यासाठी आले ते दार बंद असते. त्या दारापाशी लेखकाने आणखी थोडा वेळ उभे राहावयास हवे होते. तो लगेच हसला आणि हसण्याच्या ह्या घाईतच ह्या लेखाचे मर्म आणि त्याची मर्यादा ही दोन्ही सामावलेली आहेत.